आत्याबाईंचं पांदीला जाणं

माझ्या सासूबाईंसाठी घरात संडास बांधायचा हट्ट माझा होता. आणि तो बांधून पुरा कधी झाला, तर डॉक्टरांनी त्यांची ती वाट कायमची शिवून टाकल्यानंतर दीड महिन्यानं. यावर हसायचं असेल तर खुशाल हसा. आमच्या घरात सगळे हसतात, आणि ही गोष्ट रंगवून सांगतेही मीच. फक्त आजवर हसू येतं तेवढाच भाग सांगत आले. उरलेला सांगायला समोर माणसं असली की जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते.

मी परभणीची. म्हणजे शहरातली, असं मला तेव्हा वाटायचं. माहेरी भाड्याच्या दोन खोल्या, पण मागच्या बाजूला सात बिऱ्हाडांत मिळून दोन संडास होते, आणि त्या दोन संडासांच्या जोरावर मी स्वतःला सुधारलेली समजत होते. लग्न होऊन आले ती झरीच्या पुढच्या एका गावात. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर, घरची थोडी जमीन, सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची. घर चांगलं, माणसं चांगली. फक्त संडास नव्हता. तो गावात कुणाकडंच नव्हता, त्यामुळं त्याची उणीव माझ्याशिवाय कुणाला वाटतही नव्हती.

पहाटे, माणूस माणसाला नीट दिसायच्या आत, शेजारची जाऊबाई आमच्या दारात यायची. भावकीतली, नात्यानं माझी थोरली जाऊ. अंगानं काटकुळी, आवाजानं दणकट. हातातल्या टमरेलावर बांगड्या वाजवून हाक द्यायची, "आत्याबाई, चला वो!" आत्याबाई कधीच्या जाग्या असायच्या. तरी हाक आल्याशिवाय बाजेवरून पाय खाली टाकायच्या नाहीत. तो त्यांचा मान होता. मग आणखी तीनचार दारं, तीनचार हाका, आणि सहासात बायकांचा ताफा डोक्यावर पदर, पदराखाली टमरेल, अशा थाटात गावाबाहेरच्या पांदीला, म्हणजे शेतांमधल्या आडवाटेला, निघायचा. ओढा उतरायचा, पलीकडचा चढ चढायचा, मग येड्या बाभळींचा आडोसा. जाऊन येऊन दीड मैल तरी भरेल.

ही पांद आमच्या गल्लीची. वेशीपलीकडच्या वस्तीतल्या बायकांची वेगळी. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून तेव्हा सगळा मराठवाडा पेटत होता, विझत होता, पुन्हा पेटत होता. आमच्या गावानं तर सकाळी कुणी कुठं बसायचं याच्यासुद्धा वाटण्या करून ठेवल्या होत्या. मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण माझं सगळं लक्ष आपल्याला दाट झुडूप मिळतंय की नाही याच्यातच होतं, हे कबूल करते.

पहिले तीन दिवस मी नुसतीच जाऊन आले. चौथ्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं, "लाज वाटायलीय का?"

मी मान हलवली.

"मंग डोळे झाकून घे. आपल्याला दिसलं न्हाई की लोकालाबी दिसत न्हाई."

"परभणीत काय चारी दिशेला पडदे लावत्यात का, मास्तरीणबाई?" जाऊबाई पलीकडच्या झुडपातून म्हणाली, आणि सगळं बाभूळबन हसलं.

लांबून गाडीचा दिवा दिसला की सगळ्याजणी लुगडी सावरत उभ्या राहायच्या. गाडी गेली की पुन्हा खाली. कधी कधी एकामागून एक तीन गाड्या यायच्या आणि आमची शाळेतल्यासारखी कवायत व्हायची. मला रडू यायचं. बाकीच्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत हसायच्या.

खरं काम पाच मिनिटांचं. उरलेला पाऊण तास बोलण्याचा. परत येताना ओढ्याच्या दगडांवर हातपाय धुवायला म्हणून बसायचं आणि उठायचंच नाही. कुणाला दिवस गेले, कुणाच्या नवऱ्यानं हात उचलला, झरीच्या बाजारात कुणी कुणाला फसवलं, सगळं तिथं. घरात दिवसभरात दहा शब्द बोलणाऱ्या आत्याबाई त्या दगडावर नकला करायच्या. सरपंचाची चाल, माझ्या नवऱ्याचं छडी आपटणं, आणि माझं नाक मुरडणंसुद्धा, माझ्याच देखत. ह्या बाईच्या आत एवढी मोठी बाई आहे, हे त्यांच्या पोटच्या लेकाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला फक्त चार भिंती आणि आतून लागणारी कडी हवी होती.

त्यांचा आजारही पहिल्यांदा तिथंच कळला. घरात कळायचा तर कसा? एके दिवशी जाऊबाईनं ओढ्यापाशी मला मागं ओढलं.

"सासूला लय येळ लागायलाय तुझ्या. चार रोज झाले बघायलेय मी. आन् तोंड बघ कसं वाळलंय."

"मूळव्याध आहे म्हणतात."

"म्हणत्यात कोण, त्याच ना? तू इचार एकदा नीट."

मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या असल्या गोष्टींवर नजर ठेवणारी माणसं मला अडाणी वाटत. आत्याबाई ताक पीत राहिल्या, सुरणाची भाजी खात राहिल्या, आणि शौचावाटे रक्त जायचं ते पांदीतच राहत होतं. असे पाचसहा महिने गेले. मी मॅट्रिक झालेली होते, घरात वर्तमानपत्र येत होतं. तरी एका अंगठेबहाद्दर बाईला जे चार दिवसांत दिसलं, ते मला सहा महिन्यांत दिसलं नाही. यात विनोद करायला जागा शोधते, पण अजून सापडलेली नाही.

एक दिवस त्या चढावरच बसल्या. उठताच येईना. मग परभणीचा डॉक्टर, आणि त्यानं औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. त्यातही मोर्चे आणि बंद चालू होते म्हणून दोन दिवस एसटी सुटली नाही. दोन दिवस आत्याबाई गाठोडं मांडीवर घेऊन ओसरीत बसून होत्या.

आतड्याच्या शेवटच्या टोकाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी गाठ काढली, खालची वाट शिवून टाकली आणि आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला आणून ठेवलं. त्यावर पिशवी, पिशवीला कमरेचा पट्टा. आता आयुष्यभर असंच. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. पिशवी कशी धुवायची, कातडी कशी कोरडी ठेवायची, काय खाल्लं की त्रास होतो. शेवटी म्हणाले, "आणि टाके भरले की यांना बसवून ठेवू नका. रोज चालायला हवं, मैल-दीड मैल. हलकं काम करू द्या. जड मात्र उचलायचं नाही."

मी सगळं ध्यानात ठेवलं. आणि गावी आल्या आल्या, माझ्या डोक्यात सहा वर्षं घर करून बसलेली गोष्ट बोलून टाकली. "अशा बाईला आता पांदीला पाठवणार का तुम्ही? संडास बांधा."

आमचे हे आईवर जीव टाकणारे. त्यांना वाटलं, बायको आपल्या आईसाठी भांडतेय. मलाही तसंच वाटत होतं, ही त्यातली खरी गंमत. माणूस स्वतःला किती सफाईनं फसवू शकतो, हे मला तेव्हापासून माहीत आहे. झरीहून गवंडी आला, परसात खड्डा खणला, चार भिंती उठल्या, पत्र्याचं दार लागलं. गल्लीतली माणसं बघायला आली. एका म्हाताऱ्यानं आत डोकावून विचारलं, "यात बसून दिसतंय काय?"

आत्याबाई बाजेवरून हे सगळं बघत होत्या. दार लागलं त्या दिवशी मला म्हणाल्या, "माझ्यासाठी बांधलंस व्हय?"

"तर काय."

"मला कशाला गं? मला तर देवानं पोटावरच बांधून दिलाय."

मी हसले. त्या नाही हसल्या.

तेव्हापासून मी पांदीला जायचं सोडलं. आतून कडी लावून आरामात बसत होते. तसं आत्याबाईंनाही पिशवी धुवायला त्याचा उपयोग होता, नाही असं नाही. पण त्या दिवसागणिक सुकत चालल्या. पानात वाढलेली भाकरी चतकोर खायच्या आणि ताट सरकवायच्या. मी रागवायची. शेवटी एकदा म्हणाल्या, "खाल्लं तर पिशवीत येतंय. न खाल्लं तर न्हाई येत. एवढं कळतं मला." पिशवी त्या दिवसातून सहा वेळा धुवायच्या. कुणी आलं की बाज ओढून भिंतीकडं न्यायच्या, पदर नाकाला लावायच्या आणि समोरच्याच्या नाकाकडं बघत बसायच्या, त्याला काही कळलं का म्हणून. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेल्या नाहीत. भावकीतलं लग्न चुकवलं. मी तोलून बघितलं नाही, पण दंडातलं चांदीचं कडं मनगटावर आणि मनगटातलं पंजावर उतरलं होतं. टाके भरले होते, डॉक्टर म्हणत होते गाठीचं नावनिशाण नाही, आणि माझी सासू लाजेपायी उपाशी मरत होती.

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं, चालायला हवं. मग मी अंगणात फेऱ्या सुरू केल्या. आपण शिकलेल्या, म्हणून पद्धतशीर. ओट्यावर दोन वाट्या, एका वाटीत वीस खडे. एक फेरी झाली की एक खडा दुसऱ्या वाटीत.

"रिकामं कोण फिरतंय गं अंगणात?" आत्याबाई म्हणाल्या. "बैल घाण्याला फिरतो, तर तेल तरी निघतंय."

"तब्येतीसाठी असतं ते."

"लोक बघतील तर म्हणतील, म्हातारीला भूत लागलं."

तरी आठवडाभर खडे बरोबर भरत होते. मी खूश. ह्यांना सांगितलं, बघा, तुमच्या आईला कसं लावलंय चालायला. एक दिवस भाजी निवडता निवडता सहज मान वर केली. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या आणि शांतपणे, एकेक करून, खडे ह्या वाटीतून त्या वाटीत टाकत होत्या. माझं लक्ष गेलेलं दिसलं तेव्हा शेवटचा खडा टाकून म्हणाल्या, "झाल्या बाई वीस."

मला संताप आला. सगळं बोलले. डॉक्टर, दवाखाना, मी किती करते, तुम्हाला बरंच व्हायचं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला कुणी हाक मारत न्हाई."

मला आधी कळलंच नाही. "कुणी?"

"रोज जात्यात दारावरनं. आपल्या दारापाशी आल्या की चपला हातात घेत्यात. बोलायच्या बंद होत्यात. पुढं गेल्या की पुन्हा चालू. मी जागीच असते. कोण पुढं हाय, कोण मागं, कुणाच्या टमरेलाला भोक पडलंय, सगळं कळतं मला. हाक तेवढी मारत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी संडासात कडी लावून बसले होते. बायका आल्याचं कळलं ते त्यांच्या गप्प होण्यावरून. आमच्या भिंतीच्या लांबीएवढी ती शांतता. मग गल्लीच्या टोकाला जाऊबाईचा आवाज, आणि हसणं. पत्र्याच्या त्या दाराआड मला पहिल्यांदा उमगलं की मी सासूसाठी काय बांधलंय.

दिवस उगवल्यावर जाऊबाईकडं गेले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"तुम्ही आत्याबाईंना हाक का मारत नाही हो?"

तिचा हात थांबला. "आगं, आजारी माणूस. झोपमोड कामून करायची? आन् तुमच्या घरीच तर झालंय की आता सगळं."

"त्या जाग्या असतात."

"असतील. पण त्यांचं तिकडं काय काम हाय आता?"

"माझं तरी काय काम असायचं? मी नुसतीच येत होते ना पहिले तीन दिवस?"

जाऊबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "त्यांना चालवंल का एवढं?"

"डॉक्टरांनी तेवढंच सांगितलंय. दीड मैल."

"मग मेलं ते आधी न्हाई का सांगायचं! आमी इकडं गपचूप जायलाव चोरावानी, चपला हातात घेऊन, काटे मोडून घ्यायलाव पायात!"

दुसऱ्या दिवशी दारात बांगड्या वाजल्या. "आत्याबाई, चला वो!"

त्या उठून बसल्या, पण पाय खाली टाकले नाहीत. मला हळूच म्हणाल्या, "न्हाई गं. वास यायलाय माझा."

जाऊबाई उंबऱ्याच्या आत आली. तिनं ते ऐकलं होतं. ती काही हळू बोलणाऱ्यातली नव्हती. "आवं आत्याबाई, हागायला चाललो ना आपण? का सत्यनारायणाला? वासाची लाज आख्ख्या गावात जिथं धरायची न्हाई, अशी एवढी एकच जागा हाय. चला उठा!"

आत्याबाई तिच्याकडं बघत राहिल्या. आणि मग त्यांना हसू फुटलं. पोटावर हात दाबून धरत, पिशवी सांभाळत, पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या हसल्या. पाय खाली टाकले, पाणी भरलेलं टमरेल मागितलं. मी म्हटलं, "तुम्हाला कशाला टमरेल?" त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी निमूट भरून दिलं. रिकाम्या हातानं बाई पांदीला जाते का कधी?

त्या दिवशी ओढ्यापर्यंतच गेलो. त्या उताराच्या तोंडाशी दगडावर बसल्या, बाकीच्या पुढं गेल्या. मी जवळ थांबले. त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. बाभळीतून बोलणं ऐकू येत होतं, आणि त्या बसल्या जागेवरून ओरडून त्यात भर घालत होत्या. एक गाडी आली. सगळ्याजणी उभ्या राहिल्या. आणि ह्यासुद्धा राहिल्या. काही गरज नव्हती, तरी गाडी जाईपर्यंत इतरांसारख्या पाठ करून ताठ उभ्या. घरी आल्यावर भूक लागली म्हणाल्या. अर्धी भाकरी खाल्ली. मी दूध तापवायच्या निमित्तानं चुलीकडं तोंड फिरवलं.

पंधरा दिवसांत चढ चढू लागल्या. बायकांनी पिशवीचं कौतुक, चौकशी, थट्टा सगळं एकदाच करून टाकलं. एकीनं तर हेवा केला, "तुमचं बरंय आत्याबाई, पावसापाण्यात काट्यात बसायची कटकट गेली." एकदा वाटेतच पट्टा सुटला. मला घाम फुटला. चौघींनी पदर धरून आडोसा केला, जाऊबाईनं आपल्या टमरेलातलं पाणी ओतलं, आणि दोन मिनिटांत सगळं आवरून बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं चालू. घरात हेच झालं असतं तर आत्याबाई दोन दिवस जेवल्या नसत्या.

दसरा झाला आणि जाऊबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. गाडीत बसताना मला म्हणाली, "मास्तरीणबाई, मी येईस्तोवर हाक मारायचं तुझ्याकडं लागलं आता." झालं. घरी पत्र्याच्या दाराचा संडास असून पहाटे टमरेल घेऊन दारोदार हाका मारत जाणारी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन. माझा आवाज बसका, बांगड्या काचेच्या. दुसऱ्याच दिवशी दोन फुटल्या. संडास आमच्या ह्यांनी मनोभावे वापरला, आणि उरलेल्या जागेत मी गोवऱ्या रचल्या.

आत्याबाई आता दुपारी शेतातही येऊ लागल्या. कापूस वेचायच्या, पण बांधाकडेच्या ओळीतला, आणि गाठोडं उचलायला मला हाक मारायच्या. हुकूम सोडायला पुन्हा आवाज आला होता. औरंगाबादला तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर कागद बघून म्हणाले, "वजन छान वाढलंय, आजी. चालता का?"

"रोज चालते. पांदीपर्यंत."

"पांदीला कशासाठी?"

"परसाकडं."

डॉक्टरांनी कागद पुन्हा बघितला. मग पोटावरची पिशवी बघितली. मग माझ्याकडं बघितलं. "पण तुम्हाला तर…"

"मला कुठलं वो!" आत्याबाई म्हणाल्या. "ह्या बायकांना असतंय. मी आपली सोबत."

डॉक्टरांनी कागद मिटला. असंच चालू ठेवा, म्हणाले.

अडीच वर्षं चालू राहिलं. त्यातली पावसाळ्यातली सकाळ मला सगळ्यात जास्त आठवते. काळ्या मातीचे थर चपलांना चिकटून प्रत्येकीची उंची वाढलेली, आत्याबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल उपसत चाललेल्या, आणि एवढ्यातही जाऊबाईची नक्कल चाललेली. मला तेव्हा कंबरदुखीचा त्रास होत होता, त्यांच्या हाताचं ओझं व्हायचं. आज मी परभणीत राहते. घरात दोन संडास आहेत, एक परदेशी पद्धतीचा. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मीही चालते, गच्चीवर, एकटी, घड्याळ लावून. त्या हाताएवढं वजन पुन्हा खांद्यावर यावं म्हणून मी काय देईन, ते मलाच सांगता येत नाही.

तिसऱ्या वर्षी दुखणं यकृतात उतरलं. डोळे पिवळे झाले, पायांतली ताकद गेली. हाक यायची, त्या उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "तू जाऊन ये. आन् नीट ऐकून ये." मग माझं नवं काम सुरू झालं. जाऊन यायचं, बाजेवर त्यांच्या पायांशी बसायचं, आणि ओढ्यावर काय काय बोलणं झालं ते सांगायचं. मी सुरुवातीला फार वाईट सांगायची. शेवट आधी सांगून टाकायची. त्या चिडायच्या. "असं न्हाई. आधी ती काय म्हणली? मंग दुसरी हसली का गप बसली? तोंड कसं केलं तिनं? तू बघत न्हाईस, नुसतं ऐकतीस." दुसऱ्या दिवशी मी तोंडं बघून यायची.

त्या हिवाळ्यात गल्लीतली एक पोरगी सासरहून रुसून माहेरी आली होती. नवरा न्यायला येणार, येत नाही, पोरगी जाणार, जात नाही, असं महिनाभर चाललं होतं. आत्याबाईंना भाकरी नको होती, पाणी नको होतं, पण त्या पोरीचं रोज हवं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलणंही जड झालं होतं. मी येऊन बसले की नुसत्या भुवया उचलायच्या. मी सांगायची, "अजून नाही गेली." त्या डोळे मिटून घ्यायच्या. पौषात एका दुपारी, मी जवळ बसून पाय चेपत असताना, गेल्या.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे बायकांनी हाक मारली. जायचं मनात नव्हतं, तरी गेले. ओढ्यावर कळलं की पोरगी गेली. नवरा आला नव्हता, सासूच स्वतः न्यायला आली होती, आणि निघताना पोरीनं उंबऱ्यावर बसून अशी काही अट घातली की सगळी गल्ली बघत राहिली. मी सगळं नीट विचारून घेतलं. कोण आधी बोललं, कोण हसलं, सासूनं तोंड कसं केलं. मग झपाझप निघाले. बाकीच्या मागं राहिल्या. चढ संपून गल्ली लागली तेव्हा लक्षात आलं, की सांगायचं कुणाला.

घरी चूल पेटायची होती, दूध यायचं होतं. मी आधी जाऊन बाजेवर बसले आणि पोरगी कशी गेली, ते पहिल्यापासून, शेवट आधी न फोडता, सगळं सांगितलं. कुणी चुका काढल्या नाहीत.